खिशावरचा बिल्ला

आमच्याकडं दारुड्याला माफी आहे, फिट येणाऱ्याला नाही. दारुडा दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येतो, लग्नात पंगत वाढतो, आणि लोक म्हणतात, माणूस मनानं चांगला आहे हो. फिट एकदा चारचौघांत दिसली की ती त्या माणसाची राहत नाही, घराण्याची होते. त्याच्या बहिणीची होते, बहिणीच्या अजून न झालेल्या लेकरांची होते. हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. मी त्याचा फायदा घेतलेला आहे, म्हणून सांगते.

आमचं गाव कमलनगरपासून जीपनं पाऊण तासावर. वडील मी सातवीत असताना गेले. घरात आई, मी आणि माझ्याहून आठ वर्षांनी मोठा अण्णा. अण्णा फौजेत गेला आणि त्याच्या पगारावर मी उदगीरला राहून बी.ए. केलं. सुट्टीवर आला की तो माझी पुस्तकं उलटीपालटी करून बघायचा आणि म्हणायचा, "एवढं समदं डोक्यात राहतंय व्हय बाई तुझ्या?" मला त्याचा अभिमान होता आणि थोडी लाजही वाटायची, कारण तो चहा बशीत ओतून आवाज करत प्यायचा. मी तेव्हापासूनच अशी.

अकरा वर्षं नोकरी झाल्यावर एका सकाळी परेडमध्येच तो कोसळला. मग पुन्हा एकदा, मग तिसऱ्यांदा. काही महिने लष्करी दवाखान्यात काढले आणि शेवटी मेडिकल बोर्डानं त्याला घरी पाठवलं. काळी लोखंडी ट्रंक घेऊन तो जीपमधून उतरला तेव्हा आई रडली आणि मी आधी आजूबाजूला कोण बघतंय ते बघितलं.

त्यानं घरी आल्याआल्या मला दोन वस्तू दाखवल्या. एक बिल्ला. पितळेचा, जुन्या रुपयाएवढा, मागं पिन असलेला. सेवा केली होती याची ती खूण. "सुभेदार साहेबानं सोताच्या हातानं लावला छातीला," तो म्हणाला. "मनला, आजारी पडून जायलास, हरून न्हाई."

दुसरी वस्तू एक पिवळं कार्ड, प्लास्टिकमध्ये घातलेलं. डॉक्टरांनी हिंदीत आणि इंग्रजीत चार ओळी लिहून खाली शिक्का मारला होता. मला फिट येते. मला कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. मी दारू प्यालेलो नाही. हे कार्ड छातीच्या खिशात कायम ठेवायचं आणि गोळी एकही चुकवायची नाही, एवढीच त्या डॉक्टरांची ताकीद होती.

"दारूचं कामून लिवलंय?" मी विचारलं.

अण्णा हसला. "टेसनावर पडलो व्हतो एकदा. एकानं लाथ घातली, मनला सकाळी सकाळी ढोसून पडलंय. माणसं तसंच समजत्यात बाई. म्हणून लिवून दिलं साहेबानं."

आयुष्यात त्यानं दारूचा थेंब घेतलेला नव्हता. पलटणीत मिळायची तीही तो दुसऱ्याला देऊन टाकायचा. घरात सकाळ-संध्याकाळ वंदना व्हायची आणि पंचशीलातलं पाचवं शील, दारूपासून लांब राहायचं ते, तो उगाच मोठ्यानं म्हणायचा. वडिलांना दारूनंच नेलं होतं, हे त्यामागं होतं.

गावाला आम्ही सांगितलं, आई एकटी पडली म्हणून नोकरी सोडली. फिट घरातच यायची, महिन्या-दोन महिन्यांनी, तीही गोळ्यांमुळं लहान. आम्ही दार लावून घ्यायचो. "झाकली मूठ सव्वा लाखाची," आई म्हणायची. त्याच वर्षी मला स्थळ आलं.

मुलगा भालकीच्या एका कॉलेजात क्लार्क. घर मूळचं उदगीरकडचं, आमच्यासारखंच बौद्ध, पण एक पिढी आधी शिकलेलं, म्हणजे आमच्याकडं थोडं वरून बघणारं. मला तो मुलगा फोटोतच आवडला होता. भालकीत पक्कं घर, नळाचं पाणी, मला नोकरी करू देणार असा शब्द. मी चोवीस वर्षांची होते आणि आधीची दोन स्थळं, बाप नाही म्हणून, पुढं सरकली नव्हती. हे हातचं जाऊ द्यायचं नाही असं मी ठरवून टाकलं. त्याच्या आड येणारी एकच गोष्ट घरात होती आणि ती माळवदावर बसून हरभरा निवडत होती.

गोळ्यांनी अण्णाला झापड यायची. बोलताना शब्द लांबायचे, मान खाली जायची. असा माणूस पाहुण्यांसमोर बसवला तर ते विचारणारच. बघायला येणार त्याच्या दोन दिवस आधी मी त्याला म्हणाले, "दोन रोज गोळ्या घेऊ नकोस."

"एक बी चुकवायची न्हाई मनलंय साहेबानं."

"दोन दिवसानं काय मरतंय का माणूस? माझ्यासाठी एवढं बी करायचं न्हाई का तुला?"

गोळ्यांचा डबा त्यानंच आणून माझ्या हातात दिला. मी तो पिठाच्या डब्यामागं ठेवला आणि मला खरंच वाटलं की मी हुशार आहे.

पाहुणे आले त्या सकाळी मी त्याचा काळा कोट झटकला. खिशातलं पिवळं कार्ड काढून घेतलं. "खिसा फुगलेला दिसायलाय," मी म्हणाले. ते कार्ड मी माझ्या मार्कशिटांच्या पाकिटात घातलं आणि रिकाम्या खिशावर बिल्ला लावला. बिल्ला मी चिंचेनं घासून ठेवला होता. अण्णा दोन दिवसांत तरतरीत झाला होता, डोळे उघडे, मान ताठ. आरशात बघून तो म्हणाला, "आता शोभतोय का तुझा भाऊ?" मी म्हणाले, "शोभतोस." ते खोटं नव्हतं.

मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या असे तिघं पुढं बसले, बाकीचे मागं. आईनं चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. मुलाच्या वडिलांची नजर बिल्ल्यावर गेली. मिशी कुरवाळत ते म्हणाले, "किती वर्सं नोकरी झाली, फौजी?"

"अकरा."

"मंग सोडली कामून? पेन्शनीला तर थोडकीच राहिली असतील."

उत्तर मी त्याच्याकडून दहादा पाठ करून घेतलं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, तोंड उघडलं आणि त्यातून शब्द न येता एक लांब आवाज आला. हातातला कप पडला. मग तो पडला.

घरात दाराआड बघितलेली फिट वेगळी आणि पाहुण्यांच्या पायाशी आलेली वेगळी. ही मोठी होती. दोन दिवसांच्या न घेतलेल्या गोळ्या एकदम वसूल होत होत्या. टाचा जमिनीवर आपटत होत्या, तोंडाला फेस, पँट ओली. आत्या उठून भिंतीला चिकटली आणि ओरडली, "फिट! फिट हाय ही! लोखंड द्या हातात, लोखंडानं उतरती!"

लोखंड हातात दिलं की खरी फिट उतरते, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगतं. आईचा हात कमरेच्या किल्ल्यांकडं गेला. मी तिचा हात धरला. मी बी.ए. झालेली होते, वर्तमानपत्र वाचत होते, तरी त्या क्षणी मला पक्कं वाटलं की किल्ल्या दिल्या तर उतरेल आणि उतरली तर सगळ्यांना कळेल. म्हणून मी त्याच्या कोटावरचा बिल्ला ओढून काढला आणि त्याच्या मुठीत कोंबला. "फौजेचा बिल्ला हाय, लोखंडाचा," मी आत्याला म्हणाले. तो पितळेचा आहे हे मला माहीत होतं. पितळेनं उतरू नये म्हणूनच मी तो दिला. माझ्या भावाची फिट थांबू नये असं मला वाटत होतं, थोडा वेळ तरी. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली.

ती थांबली नाही. मूठ आवळली गेली आणि उघडी पिन त्याच्या तळव्यात घुसली. बोटांच्या फटीतून रक्त आलं. आत्या बघत होती. मी तिच्याकडं वळून म्हणाले, "बगा, लोखंडानं उतरना. फिट न्हाई ती. घेतलीय त्यानं."

"काय घेतलीय?"

"दारू. फौजी माणूस, काय करायचं. पाव्हणे येणार मनून सकाळीच बसलाय पीत. तुमच्यापसून काय लपवायचं."

ते मला सुचलं नव्हतं. ते डॉक्टरनंच कार्डावर लिहून ठेवलं होतं, मी फक्त त्यातलं 'नाही' काढलं.

मुलाचे वडील हसायला लागले. मोकळं, पोट हलवून हसले. "आसं सांगा की मंग! मी मनलं काय झालं." आत्यानं पदर सावरला आणि परत खाली बसली. मुलगाही हसला. फक्त वडिलांनी वाकून अण्णाच्या तोंडाजवळ नाक नेलं. "वास येना पण."

"मिलिटरीची रम हाय," मी म्हणाले. "तिला वास नसतो."

ते सरळ झाले आणि माझ्याकडं बघत राहिले. त्यांचं स्वतःचं पिणं मला नंतर कळलं. रमला वास असतो की नसतो हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. ते एवढंच म्हणाले, "मंग एक बाटली आमाला बी दावा की कवातरी. बिनवासाची." त्यांना तेव्हाच कळलं होतं की नव्हतं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

अण्णा शुद्धीवर यायला लागला तेव्हा मी त्याच्या कानाशी वाकले. "दारू प्यालो मन," मी म्हणाले. "मन, न्हाईतर मोडलं समदं." त्याची जीभ चावली गेली होती. त्यानं आधी ओल्या पँटकडं बघितलं, मग तळहाताकडं, मग पाहुण्यांकडं. सगळे हसत होते. तो जड जिभेनं म्हणाला, "चुकलं माझं. जरा जास्त झाली."

सोयरीक त्याच दिवशी पक्की झाली. संध्याकाळी तो न्हाणीत बसून हात धुत होता. मी हळद घेऊन गेले. त्यानं हात पुढं केला आणि म्हणाला, "कुठलं बी कारण सांगायचं व्हतंस बाई. हे कामून सांगितलंस?" मी म्हणाले, "हेच पटलं असतं." त्यानं हळद लावून घेतली आणि मला हायसं वाटलं. ज्याचं खाल्लं त्याच्याच घराचे वासे मी मोजले होते, आणि त्याला लग्नाची हळद लावायला आता कुणी येणार नव्हतं, हे मला त्या वेळी दिसत होतं. तरी हायसं वाटलं.

लग्न भालकीत झालं. पांढऱ्या साडीत मी बसले होते आणि भंतेजींच्या मागं सगळा मांडव पंचशील म्हणत होता. पाचवं शील आलं आणि अण्णा सवयीनं मोठ्यानं म्हणाला. मांडवाच्या त्या बाजूनं हसू आलं, आधी दबकं, मग उघड. कुणीतरी म्हणालं, "फौजी, जरा हळू, आयकायला येतंय!" माझा नवरा शेजारी बसून हसत होता. मीही हसले. नवरी हसल्यावर सगळ्यांना मोकळं वाटतं.

लग्नानंतर चार दिवसांनी, मला माहेरी न्यायला आला तेव्हा अण्णानं कार्ड मागितलं. "देते," मी म्हणाले, "जरा थांब, नवं नवं हाय." मग माझं पहिलं बाळंतपण आलं, तेव्हा मी म्हणाले, लेकरू होऊ दे. मुलगी झाली. मग नवऱ्याची बढती व्हायची होती. तो दर वेळी मान हलवायचा. दुसरं कार्ड करून घेणं त्याला अवघड नव्हतं, बिदरच्या डॉक्टरनंही लिहून दिलं असतं. मी नको म्हणाले म्हणून त्यानं केलं नाही. "कुणाच्या हातात पडलं तर?" मी म्हणाले होते.

मग तो बिल्ला लावायला लागला. रोज, साध्या शर्टावरही, शेतात जातानाही. आईनं विचारलं तर म्हणाला, "खिशात काई न्हाई तर खिशावर तरी आसू दे. फौजी हाय हे बगून उचलतील." गोळ्या परत सुरू झाल्या होत्या, पण त्या एकदा तुटल्यापासून फिट पहिल्यासारखी आवरेना. आता ती दाराबाहेरही यायची. कमलनगरच्या बाजारात आली, जीपमध्ये आली. प्रत्येक वेळी लोकांनी त्याला उचलून कडेला, सावलीला ठेवलं आणि उतरेपर्यंत चेष्टा केली. गोळ्या खाताना बघितलं तर म्हणत, दारू सुटायच्या गोळ्या खायलाय, बिचारा. मुलगी त्याला कुणी दिली नाही. एक ठिकाण जवळजवळ जमलं होतं, शेतकऱ्याची मुलगी, मंठाळकडची, त्यालाही आवडलेली. मुलीच्या भावानं माझ्या नवऱ्याकडं चौकशी केली. नवऱ्यानं त्याला माहीत होतं ते प्रामाणिकपणे सांगितलं.

सासऱ्यांनी ती बिनवासाची बाटली विसरली नव्हती. आजारपणानं आलेल्या फौजीलाही कँटीनमधून दारू मिळते, हे त्यांनी शोधून काढलं. मग दर महिन्याला अण्णा बिदरला जायचा, रांगेत उभा राहायचा आणि पिशवीत बाटली घालून आमच्याकडं भालकीला आणून द्यायचा. पिशवी सासऱ्यांच्या हातात देताना तो मान वळवायचा. "एक घोट मारा की आमच्यासंगं," सासरे म्हणायचे. तो म्हणायचा, "घेऊन आलोय." मग ते दोघं माझ्याकडं बघायचे, आणि मी भाकरी थापत राहायची. माझ्या मुलीला तो फार आवडायचा. त्याच्या मांडीवर बसून ती बिल्ला फिरवायची आणि तो तिला तळहातावरचा बारीक डाग दाखवून सांगायचा, ही लढाईतली खूण.

आई गेली त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. आमचं घर भालकीच्या कडेला, नव्या वस्तीत. मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंत उसाच्या कडेनं एक कच्ची वाट येते, शेजारी पाण्याचा पाट. चालत दहा मिनिटं. दुपारी नवरा मोटरसायकलवरून जेवायला आला. हात धुताना आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तुझा भाऊ आडवा झालाय बग उसापाशी. भर दुपारी. सगळा रमचा वास सुटलाय, बाटली फोडलीय वाटतं."

सासरे कॉटवरून ओरडले, "माझी बाटली फोडली?"

मी तव्यापाशी उभी होते. "उचललं कामून न्हाई?" मी विचारलं.

"दारुड्याला कोण उचलतंय? पालथा पडून पाय झाडायलाय. बिल्ला चमकायलाय मातीत. बगणारे हसायलेत, मी बी सोयरा मनून उभा राहू का तिथं?"

पाय झाडतोय म्हणजे काय, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. पालथा म्हणजे काय, तेही माहीत होतं. कुशीवर वळवा, ही दुसरी ओळ. मला फक्त म्हणायचं होतं, ती दारू नाही, फिट आहे, पळा. पाच-सहा शब्द. कॉटवर सासरे होते, दारात शेजारीण पीठ मागायला आलेली होती, माझी मुलगी ताट मांडत होती. मी त्या मुलीकडं बघितलं. तेरा वर्षांची. फिटवाल्याची भाची. मी म्हणाले, "जेवून घ्या. मग जाऊन आणा."

मी ताट वाढलं. पहिली भाकरी, मग दुसरी. नवऱ्यानं ठेचा मागितला, मी ठेचा दिला. मनात मी म्हणत होते की फिट आपोआप उतरते, नेहमी उतरली आहे, आता उठून बसला असेल. तिसरी भाकरी तव्यावर टाकली आणि मला ती उलटता येईना. मी तशीच अनवाणी निघाले. वाटेवर मी पळत होते आणि पळतानाही, लोकांना काय सांगायचं, हे मनात जुळवत होते.

चार-पाच माणसं उभी होती. तोंड पाटात होतं. चार बोटं पाणी, त्याहून जास्त नाही. पाय थांबलेले होते. मी त्याला कुशीवर वळवलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी ते केलं. शर्टाला दारूचा भपकारा येत होता आणि खिशावर बिल्ला सरळ लावलेला होता. खिशात हात घातला, तिथं जीपचं तिकीट होतं. उभ्यांपैकी एक जण मला म्हणाला, "आमी रोजचं समजलो अक्का. बिल्लेवाला फौजी की, पडलेलाच आसतोय." त्या माणसावर माझा राग नाही. त्याला जे सांगितलं होतं ते त्यानं ऐकलं होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरला मी विचारलं, वीस मिनिटं आधी आलं असतं तर? तो म्हणाला, सांगता येत नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहाराच्या अंगणात लोक जमले. सासरे बोलायला उभे राहिले. त्यांनी व्यसनावर भाषण केलं. दारूनं एक सोन्यासारखा जवान नेला, तरुणांनी यातून शिकावं, असं म्हणताना त्यांनी खरोखर डोळे पुसले. बायकांत मी पहिल्या रांगेत होते. माझ्या पिशवीत ते पिवळं कार्ड होतं. त्याच्या फोटोपाशी ठेवीन असं ठरवून मी ते मार्कशिटांच्या पाकिटातून काढून आणलं होतं. भाषण संपलं, सगळे पंचशीलासाठी उभे राहिले. पाचवं शील आलं तेव्हा काही लोकांनी माझ्याकडं कणवेनं बघितलं. मी पिशवीची चेन लावली.

कार्ड आता माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. हे लिहिताना मी कुणाचंही नाव घातलेलं नाही, आमच्या गावाचंसुद्धा नाही. लोकांना वाटेल मेलेल्याची लाज राखतेय. तसं नाही. लाज जिवंतांचीच राखायची असते.

माझी मुलगी बाविशीची झाली. गेल्या रविवारी तिला बघायला पाहुणे आले. चांगलं स्थळ आहे, मुलगा बँकेत आहे, मुलीलाही पसंत आहे. बैठकीत अण्णाचा फोटो आहे, कोटातला, आणि फ्रेमच्या कोपऱ्यात तो बिल्ला मी लावून ठेवलाय. चिंचेनं घासून ठेवते अजून. मुलाच्या आईनं पोह्यांची ताटली हातात घेऊन फोटोकडं बघितलं.

"फौजेत कोण होतं?"

"माझा भाऊ."

"अय्या, तरुण दिसतात की. कशानं गेले?"

माझी मुलगी ट्रे घेऊन दारात उभी होती. नवरा उगाच खाकरला. सासरे आता नाहीत, त्यांच्या जागी मी बसते.

"दारूनं," मी म्हणाले.

"फौजी लोकांचं तसंच असतं," त्या म्हणाल्या, आणि पोह्यांचा पहिला घास घेतला.